नाकापेक्षा मणी

माकूच्या तोंडाला वास येऊ लागला तेव्हा
हरमाटानचे वारे सुटले होते.
ओठ उलायचे, भट्टीवरची राख
उडून भांड्यांत बसायची.
मला वाटलं, कोरड्याने येत असेल.
पाणी पाज तिला, म्हटलं मोठीला.
पाजलं.

मग वाटलं, केंकेसोबतचा कांदा. बंद केला.
सुके मासे. तेही.
शेजारची कोर्लेकी म्हणाली, दुधाच्या दाढेत कीड असणार,
आमच्या पोराला होती, मी ओळखते.
माकूचं तोंड उघडून उन्हात धरलं:
वीस दात, तांदळासारखे, एकालाही डाग नाही.
जिभेवर पांढरट थर होता थोडा,
तो ओल्या फडक्याने रोज पुसला.
ती माझं बोट चावायची.
सकाळी घासले, निजताना घासले,
मिठाच्या पाण्याच्या चुळा शिकवल्या,
निम्म्या ती गिळायची, आणि हसायची,
आणि हसली की पुन्हा तोच वास,
कसावा भिजत घालून विसरलेल्या मडक्याचा.

बालवाडीतल्या बाई काही बोलल्या नाहीत.
फक्त माकूची चटई खिडकीशी गेली.
मग खिडकीशी ती एकटीच.
चार वर्षांची पोर
तळहाताआडून बोलू लागली.

आणि मी, खरं सांगते,
रात्री तिला पाठमोरी निजवत होते.
त्या पाठीपलीकडून बारीक शीळ यायची.
मी म्हणायचे, गाते आहे स्वप्नात.

ओदुमासेच्या दवाखान्यातली नर्स ओफेबिया
दातांबद्दल काही विचारेचना.
म्हणाली, नाक दोन्हीकडून वाहतं की एकीकडून?
महिनाभर माझ्याच लुगड्याच्या टोकाने पुसत होते,
कोणती बाजू, सांगता येईना.
तिने बॅटरी धरली.
डावीत, म्हणाली. निळं काहीतरी.

निळं.

मी मणी करते. फुटक्या बाटल्या खलात कुटते,
काचेचं पीठ मातीच्या साच्यात भरते,
मधोमध कसावाच्या पानाचा देठ उभा करते.
आगीत देठ जळतो, उरतं भोक.
दोरा जावा म्हणून केलेलं ते भोक.
त्यातून माझ्या लेकीचा श्वास जात होता,
शीळ घालत.

चिमट्याने आणखी आत जाईल, ओफेबिया म्हणाली.
आधी हे करू. मी आहेच इथे.
उजवी नाकपुडी बोटाने दाब.
तिच्या तोंडावर तोंड ठेव, फट राहू देऊ नकोस,
आणि एकदाच फुंक. झटक्यात.

माकूने तळहात तोंडावर घेतला.
मी तो बाजूला केला. म्हटलं, पापी दे.
तिने आधी नर्सकडे पाहिलं,
मग माझ्या नाकाकडे,
मुरडतं का ते बघायला.

ओठ लागले. मडकं, कसावा, सगळं होतं तिथे.
मी फुंकले.

गालावर काहीतरी गरम, चिकट येऊन बसलं.
मिरीएवढा. मीच कुटलेला, मीच भाजलेला,
औषधाच्या बाटलीचा निळा.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात. हा तर मोतीही नव्हता.

का गं घातलास?
तूच म्हणालीस, एकही हरवायचा नाही.

वास दोन-तीन दिवसांत गेला.
घासणं चालूच आहे, चुळा ती अजूनही गिळते.
चटई खिडकीशीच आहे. आता तीच हलू देत नाही,
तिथून शेळ्या दिसतात म्हणे.

त्या रात्री तिला माझ्याकडे तोंड करून निजवलं.
शीळ नव्हती.
दोनदा उठले,
नाकाशी बोट धरून पाहिलं.